पाणी पॉझिटिव्ह आलं तो दिवस

आज लॅबमध्ये साधं पाणी डेंग्यू पॉझिटिव्ह आलं. पीसीआरच्या (विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती करून तो शोधणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर निगेटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे निगेटिव्हच यायला हवं म्हणून ठेवलेलं, विषाणूचा कणही नसलेलं पाणी. तरी ३६व्या सायकलला, म्हणजे प्रती दुप्पट होण्याच्या ३६व्या फेरीला, विषाणू सापडल्याची रेघ वर चढली. पाच पेशंटचे नमुनेही नेमके तिथेच घुटमळत होते.

सगळे रिपोर्ट थांबवले. बाहेर एका मुलीचे बाबा सकाळपासून बसलेले. "ताई, अजून किती वेळ?" काका, अजून थोडं थांबा, एवढंच म्हणू शकले.

डीएनएचा एक रेणू ३० सायकलमध्ये १०० कोटींच्या वर जातो. त्यामुळे ट्यूबमध्ये चुकून पडलेला कणही आजारासारखा दिसतो. २००९ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक्सएमआरव्ही नावाच्या, उंदरांतल्या विषाणूंशी नातं असलेल्या विषाणूचा संबंध दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराशी जोडला गेला. पुढे नमुन्यांत आणि रिएजंटमध्ये (चाचणीच्या रसायनांत) मिसळलेला उंदराचा डीएनए असे घोळ उघड झाले, २०११ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. तोवर काही रुग्णांनी आशेने एचआयव्हीची औषधं सुरू केली होती. त्यांचा विचार मनातून जात नाही.

आम्ही पाणी बदललं, मग प्रायमर (विषाणूचा अंश हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे), मग पिपेटच्या टिप्स. संध्याकाळी सहाला सापडलं: कालपासून उघडी असलेली मास्टर मिक्सची (चाचणीच्या तयार मिश्रणाची) ट्यूब. नवी फोडली आणि रेघ सपाट. पाचपैकी चार निगेटिव्ह, एक खरोखर पॉझिटिव्ह.

काकांची मुलगी त्या चारांत होती. जुन्या ट्यूबवर लाल फुली मारून ठेवली आहे. उद्या सकाळी आधी सगळी पिपेट्स ब्लीचने पुसायची.