१ जीबी रॅमवर मायएसक्यूएल: इन्स्टॉल सोपं, पुढचा घाट वाईट

"पाच मिनिटांत मायएसक्यूएल बसवा" असं लिहिणाऱ्या सगळ्या मंडळींना साष्टांग नमस्कार. पाच मिनिटांत बसतं, त्यात खोटं काही नाही. पण बसल्यावर ते रात्री-अपरात्री गप मरतं आणि का मेलं ते स्वतःच्या लॉगमध्ये एका शब्दानेही लिहीत नाही, हे कुणी सांगत नाही. म्हणून छोट्या सर्व्हरवर मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर चालवण्याचा हा वृत्तांत. एसएसएच, सुडो आणि कॉन्फिग फाइल उघडून बदलणं एवढं येतं असं धरून लिहितोय, ते येत नसेल तर आधी तिकडे बघा.

सामान: १ जीबी रॅम, एक कोर, २५ जीबी डिस्क, उबुंटू २२.०४, वेब सर्व्हर म्हणून अपाचे, त्यावर पीएचपी मॉड्यूल, मायएसक्यूएल ८.० आणि वर्डप्रेसच्या दोन साध्या साइट. ट्रॅफिक म्हणाल तर फार काही नाही.

इन्स्टॉल, युजर, डेटाबेस, परवानग्या हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एकच सांगतो, उबुंटूवर रूट युजर पासवर्डने नाही तर सॉकेटवरून (त्याच मशीनवरच्या सिस्टिम युजरच्या ओळखीवर) आत येतो. सुडो लावून मायएसक्यूएल म्हटलं की झालं. रूटला पासवर्ड लावायच्या नादात लोक संध्याकाळ घालवतात, काही गरज नाही. साइटला वेगळा युजर द्या, त्याला फक्त त्याच्याच डेटाबेसवर हक्क द्या, आणि ३३०६ (मायएसक्यूएलचा) पोर्ट बाहेर उघडू नका. घरच्या मशीनवरून बघायचंच असेल तर एसएसएचचा टनेल आहे.

आता घाट.

साइट उघडली की पांढऱ्या पानावर "डेटाबेस कनेक्शन होत नाही" एवढंच. सर्व्हरवर जाऊन बघावं तर मायएसक्यूएल बंद, चालू केलं की चालतं, मग परत कधीतरी रात्री तेच. एरर लॉग उघडला तर रात्री २:४० पर्यंत सगळं नेहमीसारखं, त्याच्या पुढची ओळ थेट सर्व्हर चालू होत असल्याची आणि लगेच क्रॅश रिकव्हरी. मधे काहीच नाही! नीट बंद केलं असतं तर शटडाउनची ओळ आली असती. ती नाही आणि एररही नाही, म्हणजे प्रोसेसला तोंड उघडायलाही वेळ न देता कुणीतरी बाहेरून मारलंय. हे ओळखायला शिका, बाकीचं सगळं यावर उभं आहे.

मारणारा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) असतो आणि त्याची नोंद मायएसक्यूएलच्या नाही, कर्नलच्या लॉगमध्ये सापडते. डीमेसेज किंवा जर्नलसीटीएल या कमांडमध्ये "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" शोधा, पुढे कंसात मायएसक्यूएलडी, म्हणजे मायएसक्यूएलची सर्व्हर प्रोसेस, दिसेल. रॅम संपली की कर्नल सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस शोधतो आणि तिला उडवतो. छोट्या सर्व्हरवर एकटी सगळ्यात जाडी प्रोसेस डेटाबेसचीच असते, त्यामुळे गुन्हा कुणाचाही असो, फाशी मायएसक्यूएललाच.

आणि गुन्हा बहुतेक वेळा अपाचेचा असतो. या जोडणीत तो प्रीफोर्क पद्धतीने चालतो, म्हणजे एकाच वेळी जेवढ्या रिक्वेस्ट तेवढ्या प्रोसेस, आणि वरची मर्यादा तयार कॉन्फिगमध्ये १५०. वर्डप्रेस चालवणारी एकेक प्रोसेस ५० एमबीच्या आसपास जाते. करा हिशेब, साडेसात जीबी, आणि आपल्याकडे आहे एक! दिवसा १५० कुणी येत नाही म्हणून सगळं छान वाटतं, मग रात्री एखादा बॉट लॉगिनच्या पानावर किंवा एक्सएमएल-आरपीसीच्या फाइलवर (वर्डप्रेसचं बाहेरच्या ॲपसाठीचं दार) धडाधड रिक्वेस्ट मारतो, अपाचे इमानदारीत पिल्लं काढत सुटतो आणि दहा-पंधरा जास्तीची झाली की खेळ खल्लास.

होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं, मोठा प्लॅन घ्या. लॉग न बघता! २ जीबी घेतली असती तर बॉटला अजून वीसेक प्रोसेस लागल्या असत्या, बाकी काही बदललं नसतं. माझं स्पष्ट मत, कर्नलचा लॉग बघितल्याशिवाय प्लॅन वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

करायचं ते असं. अपाचेची मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्सची मर्यादा १५० वरून ८ वर आणा. हो, आठ. घाबरू नका, नववा माणूस क्षणभर रांगेत थांबतो, त्याला एरर येत नाही. पीएचपी-एफपीएम (पीएचपी अपाचेच्या बाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची पद्धत) वापरत असाल तर हाच आकडा मॅक्स चिल्ड्रनमध्ये असतो, आणि तो बिनधास्त ५० करा म्हणून सांगणारे लेख ढिगाने आहेत, त्यांच्याकडे ३२ जीबी असेल, आपल्याकडे नाही.

मग मायएसक्यूएल. परफॉर्मन्स स्कीमा (मायएसक्यूएलची स्वतःच्या कामाची मोजमापं ठेवायची सोय) ८.० मध्ये आपोआप चालू असतो आणि बरीच मेमरी खातो, छोट्या साइटला त्याचा काडीचा उपयोग नाही, बंद करा. मॅक्स कनेक्शन्स १५१ असतं, ३० पुरे. बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) १२८ एमबी असतो, तो तसाच ठेवा. तो उगाच कमी करू नका, आणि ट्यूनिंगच्या लेखात रॅमच्या ७० टक्के द्या असं असतं ते फक्त डेटाबेससाठीच ठेवलेल्या मशीनबद्दल असतं, आपल्या मशीनवर वेब सर्व्हरपण राहतो हे त्या लेखकाला माहीत नसतं. फाइल सेव्ह केल्यावर रीस्टार्टच्या आधी मायएसक्यूएलडीला व्हॅलिडेट-कॉन्फिगचा पर्याय देऊन चालवा, स्पेलिंग चुकलं असेल तर तिथेच सांगतो. ही सोय ८.०.१६ पासून आहे आणि कुठल्याच लेखात दिसली नाही, कमाल आहे.

स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. क्लाउडच्या तयार इमेजमध्ये बरेचदा तो नसतोच, फ्री कमांडमध्ये स्वॅपच्या ओळीत शून्य दिसेल. २ जीबीची स्वॅप फाइल करा, परवानगी ६००, एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय जोडायचं त्याची यादी) ओळ टाका, नाहीतर रीबूटनंतर गायब. स्वॅपमुळे साइट वेगवान होत नाही, उलट भर गर्दीत रांगायला लागेल, पण रांगणारी साइट मेलेल्यापेक्षा बरी. आणि अगदीच खात्री हवी असेल तर सिस्टिमडीमध्ये (सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) मायएसक्यूएलच्या सर्व्हिसला ओओएम स्कोअर ॲडजस्ट, म्हणजे रॅम संपल्यावर आधी कुणाला मारायचं ते ठरवणारा आकडा, उणे ८०० द्या, मग कर्नल आधी अपाचेची पिल्लं मारेल. उणे १००० देऊ नका, तो म्हणजे पूर्ण अभय, आणि उद्या खरंच मायएसक्यूएलच फुगला तर तुमचं एसएसएचपण अडकेल.

हे सगळं झाल्यावर बॉट परत आला, लोड चढला, साइट हळू झाली आणि डेटाबेस ढिम्म हलला नाही. त्या रात्री जो आनंद झालाय तो विचारू नका, तेव्हा वरच्या सल्ल्यात थोडा चढा सूर वाटला तर समजून घ्या.

घाट उतरल्यावर एक खड्डा आहे, बायनरी लॉग (बिनलॉग), म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद. ८.० पासून तो आपोआप चालू असतो आणि ३० दिवस साठवतो. डेटाबेस इवलासा आणि शेजारी बिनलॉगच्या फाइल कित्येक जीबी असं चित्र असतं. डिस्क भरली की मायएसक्यूएल मरतही नाही, जागा होईल म्हणून वाट बघत बसतो आणि साइट नुसती लटकते. त्या फाइल हाताने डिलीट करू नका, पर्ज बायनरी लॉग्ज ही कमांड आहे. दुसऱ्या सर्व्हरला रेप्लिकेशन (डेटाची आपोआप नक्कल) नसेल तर मुदत तीन दिवसांवर आणा, म्हणजे २५९२०० सेकंद, कारण सेटिंग सेकंदात आहे.

बॅकअप मायएसक्यूएलडंपने, सिंगल-ट्रान्झॅक्शन लावून, म्हणजे इनोडीबी (मायएसक्यूएलची नेहमीची) टेबलं लॉक होत नाहीत. डेटाबेसमध्ये ठेवलेल्या प्रोसीजर आणि इव्हेंट तो आपणहून घेत नाही, ते पर्याय वेगळे द्यावे लागतात. फाइल दुसऱ्या मशीनवर न्या आणि एकदा तरी कुठेतरी रीस्टोअर करून बघा. रीस्टोअर मारियाडीबीवर (मायएसक्यूएलमधूनच फुटलेला डेटाबेस) करणार असाल तर त्याच्या जुन्या आवृत्त्या ८.० चं ०९०० वालं कोलेशन (अक्षरं जुळवायचे-लावायचे नियम) ओळखत नाहीत, डंपमध्ये ते बदलून घ्यावं लागतं.

८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच, त्यामुळे ८.४ वर जावं लागणार. जाण्याआधी डंप घ्याच, कारण वर गेलेली डेटा डिरेक्टरी परत ८.० वर उघडत नाही, आणि जुन्या नेटिव्ह पासवर्ड पद्धतीचे युजर असतील तर ते आधीच बदला, ८.४ मध्ये ती पद्धत मुळातच बंद करून येते.