किती वर्षं लागतात हो ताई?

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून स्वतः निदान करणारी, औषधं लिहून देणारी नर्स) आहे म्हटलं की नव्या नर्स हमखास विचारतात, "ताई, किती वर्षं लागतात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

हिशेब सोपा आहे. नर्सिंगची पदवी चार वर्षं, मग एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा आणि आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्सचं लायसन्स. त्यापुढे मास्टर्स दोन-तीन वर्षं (डीएनपी म्हणजे डॉक्टरेट केली तर अजून जास्त), मग सर्टिफिकेशनची परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. काही राज्यांत यावर स्वतःचं क्लिनिक थाटता येतं, टेक्सससारख्या राज्यात डॉक्टरशी करार लागतो. मी मधली पाच वर्षं वॉर्डात काढली. तेवढा अनुभव नसतानाही प्रवेश मिळतो, पण माझं ऐकाल तर घाई करू नका.

खरा प्रश्न वेगळाच आहे: तुम्ही तपासणार कोणाला? फॅमिली (म्हणजे सगळ्या वयांचे), लहान मुलं, नवजात, प्रौढ-वृद्ध, स्त्रिया की मानसिक आजार, हे अर्ज करतानाच ठरवावं लागतं. नंतर मन बदललं तर पुन्हा कोर्स, पुन्हा परीक्षा. (१९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात नर्स लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला, तो फक्त मुलांसाठीच होता.)

आणि प्रीसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष कामात शिकवणारी अनुभवी व्यक्ती! या शिक्षणाच्या २०२२च्या मानकांनुसार प्रत्यक्ष रुग्णांसोबत किमान ७५० तास हवेत, आधी ५०० चालायचे. ते तास ज्यांच्या हाताखाली भरायचे, ती माणसं आमच्या कॉलेजने आम्हालाच शोधायला लावली. चाळीसेक क्लिनिकना फोन केले, बहुतेकांनी परत फोनच केला नाही. प्रवेश घेण्याआधी हे कॉलेजला स्पष्ट विचारा.

अभ्यासापेक्षा जड गेली ती सवय मोडणं. प्रीसेप्टरकडे पहिल्याच दिवशी खोकल्याचे एक आजोबा आले. ताप, नाडी, ऑक्सिजन, उजव्या फुप्फुसात खाली येणारा आवाज, सगळं नीट लिहिलं. निदानाच्या रकान्याशी पेन थांबलं. माझं लक्ष आपोआप दाराकडे गेलं, आता डॉक्टर येतील म्हणून.

"हे कोण लिहिणार?" प्रीसेप्टरबाईंनी विचारलं.

मी 'न्यूमोनिया?' असं लिहिलं. त्यांनी प्रश्नचिन्हावर काट मारली आणि म्हणाल्या, "कशावरून ते लिही. आणि एक्स-रे तूच सांग, मी नाही सांगणार."