मावशीचा लॅपटॉप: कीबोर्ड आणि टचपॅड एकदमच गप्प

शनिवार रात्र

मावशीचा २०११ सालचा लॅपटॉप घरी आणला. आतला कीबोर्ड बंद, टचपॅडही बंद; यूएसबीचा कीबोर्ड-माउस जोडला की मात्र सगळं सुरळीत चालतं. दुकानात तिला दोन्ही बदलायला सांगितलं होतं. मला तेच पटेना. दोघांच्या रिबन (चपट्या वायरी) वेगळ्या, सॉकेट वेगळी, मग एकाच दिवशी दोन्ही कसे जातील?

म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी बायोसमध्ये (लिनक्स सुरू होण्याआधीचा मशीनचा स्वतःचा सेटिंगचा पडदा) जाऊन पाहिलं. आतल्या कीबोर्डवरूनच एफ२ दाबलं आणि बायोस उघडलं. बाणाच्या कळा चालल्या. पुढे ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतही वर-खाली जाता आलं. लिनक्सची लॉगिनची पाटी आली आणि तिथून पुढे एक अक्षर उमटेना. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. म्हणजे कळा, रिबन, सॉकेट सगळं धडधाकट आहे. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, तेव्हा नवा कीबोर्ड मागवण्याआधी कृपा करून एवढं कराच.

रविवार

बॅटरी काढली (फुगलेली नाही ना, तेही पाहिलं, फुगलेली बॅटरी टचपॅडला खालून रेटते), अडॅप्टर काढला, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरलं. चालू केल्यावर दोन्ही जिवंत! फार आनंद झाला. तासाभराने अपडेटनंतर रीस्टार्ट केलं, पुन्हा सामसूम. हाच प्रयोग तीनदा केला. वीज पूर्ण काढून चालू केलं की चालतं, नुसत्या रीस्टार्टने मरतं. तिन्ही वेळा तसंच झालं, म्हणून वहीत ठळक लिहून ठेवलं.

बुधवार

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत) उत्तर सापडलं. आय८०४२ या कीबोर्ड-टचपॅडच्या ड्रायव्हरची तक्रार होती की कंट्रोलरचा (त्या दोघांना सांभाळणाऱ्या चिपचा) कंट्रोल रजिस्टर, म्हणजे सेटिंगचा कप्पा, वाचता येत नाही. खाली एरर उणे ५, म्हणजे इनपुट-आउटपुटची चूक.

हे नाव जुनं आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये कीबोर्डसाठी इंटेलची ८०४२ ही चिप होती. ती चिप आता नसते, पण लॅपटॉपमधला एम्बेडेड कंट्रोलर (मदरबोर्डवरची छोटी चिप) अजून तिचंच सोंग घेतो. कीबोर्ड इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा इशारा) १ वर आणि पीएस/२ या जुन्या जोडणीचा टचपॅड इंटरप्ट १२ वर, पण दोघांचं दार हेच. बायोस आणि ग्रबपर्यंत या दारावर फर्मवेअर (बायोसचाच प्रोग्राम) बसलेलं असतं. कर्नल आला की तो स्वतः कंट्रोलरशी बोलू लागतो. इथे कर्नलने हाक मारली आणि उत्तरच आलं नाही, म्हणून ड्रायव्हर बसलाच नाही आणि दोघंही एकदम गेले. शनिवारचा प्रश्न सुटला. (नव्या लॅपटॉपांत टचपॅड बहुधा आय२सी या वेगळ्या जोडणीवर असतो. तिथे दोन्ही एकदम गेले तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.)

मग ग्रबमध्ये ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी एकेक पर्याय लावून पाहिला, तोही आतल्याच कीबोर्डवरून. आय८०४२ डॉट नोमक्स: फरक नाही. आय८०४२ डॉट नोपीएनपी: फरक नाही. आय८०४२ डॉट रीसेट: कॅप्स लॉकचा दिवा लागला!

आता कारणही जुळतं. हा पर्याय दिला की रजिस्टर वाचण्याआधी ड्रायव्हर कंट्रोलरला स्व-चाचणीची आज्ञा देतो आणि हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) ५५ असं उत्तर येण्याची वाट पाहतो. माझा अंदाज असा की रीस्टार्टनंतर अडकलेला कंट्रोलर त्या चाचणीने मोकळा होतो. वीज तोडून मी हाताने जे करत होतो, तेच. पर्याय ग्रबच्या सेटिंगच्या फायलीत घातला, अपडेट-ग्रब चालवलं आणि पाच वेळा रीस्टार्ट केलं. पाचही वेळा दोन्ही चालू.

शुक्रवार

एक गोष्ट राहिली आहे. टचपॅड कधीकधी ‘जेनेरिक माउस’ म्हणून ओळखला जातो आणि मग दोन बोटांनी पान सरकत नाही. मावशी दिवसभर लांबलचक पीडीएफ वाचते, त्यामुळे हे सोडून चालणार नाही. पीएसमाउस हे मॉड्यूल (टचपॅडचा ड्रायव्हर) काढून पुन्हा भरलं की टचपॅड नीट ओळखला जातो, पण दर वेळी तिला टर्मिनल उघडायला लावणं मला मान्य नाही. उद्या सुरू होतानाचा डीमेसेज, टचपॅड नीट ओळखला गेल्यावरचा आणि न ओळखल्यावरचा, असा दोन्ही साठवून ओळीला ओळ लावून बघणार आहे.