तीन बोकड, एक पूल आणि सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात लेक घरी आली आणि जिना चढताना प्रत्येक पायरीवर म्हणू लागली, "त्रिप त्राप, त्रिप त्राप." दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यातही तेच, फक्त खालच्या पायऱ्यांवर बारीक आवाजात आणि वर जाईल तसतसं जाड आवाजात. चौथ्या आठवड्यात आजीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "काय शिकवतात गं तुला तिकडे?" लेक म्हणाली, "बोकड." आजीने माझ्याकडे बघितलं. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

आम्ही नॉर्वेतल्या बर्गनला आलो तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. इथल्या बालवाडीला बार्नेहागे म्हणतात, म्हणजे मुलांची बाग. वय वर्षं एक ते पाच. ज्या वर्षी मूल सहा पूर्ण करणार, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याची शाळा सुरू होते. त्याआधी पाटी नाही, वही नाही, गृहपाठ तर नाहीच. हे मला ऐकून माहीत होतं, पण सहा आठवडे एकच गोष्ट चालेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट इथली सगळ्यात लाडकी, 'बुक्केने ब्रूसे'. तीन बोकड, लहान, मधला आणि मोठा. तिघांचंही नाव ब्रूसे. उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात जाऊन चरचर चरून गुबगुबीत व्हायला निघालेले. वाटेत धबधब्यावर पूल, पुलाखाली ट्रॉल, म्हणजे इथल्या लोककथांतला राक्षस. त्याचे डोळे कथलाच्या ताटल्यांएवढे आणि नाक दाताळ्याच्या दांड्याएवढं लांब. लहान बोकड म्हणतो, मला कशाला खातोस, मागून माझ्यापेक्षा मोठा येतोय. मधलाही तेच म्हणतो. मग येतो तिसरा. पेटर क्रिस्टेन आस्ब्यर्नसन आणि यर्गन मू या दोघांनी 1840 च्या दशकात नॉर्वेच्या ज्या लोककथा जमवून छापल्या, त्यांतली ही एक. आस्ब्यर्नसन प्राणिशास्त्राचा अभ्यासक, पुढे जंगलखात्यात गेलेला. मू पुढे बिशप झाला. प्राणी आणि नीती, दोन्ही बाजू सांभाळणारी जोडी म्हणायची!

शरद ऋतूत पालकांना एकेकटं भेटायला बोलावतात. मी तयारीनेच गेले होते. मुख्य शिक्षिकेला (इथे सगळे तिला सरळ नावाने हाक मारतात, मला अजून जमत नाही) विचारलं, "अक्षरओळख कधी सुरू होणार?" ती म्हणाली, "शाळेत." मग माझा चेहरा बघून तिने एक कागद पुढे ओढला आणि मधोमध पूल काढला.

नॉर्वेत बार्नेहागेसाठी सरकारचा एक आराखडा आहे, सध्याचा 2017 पासून लागू आहे. त्यात सात क्षेत्रं दिली आहेत: भाषा; शरीर, हालचाल, अन्न आणि आरोग्य; कला; निसर्ग आणि तंत्रज्ञान; संख्या, जागा आणि आकार; नीती, धर्म आणि तत्त्वज्ञान; आणि आसपासचा समाज. त्यांचे तास नसतात. तिने पुलाभोवती ही सातही लिहिली आणि प्रत्येकाखाली आतापर्यंत काय केलं ते टिपत गेली. "पहिले दोन आठवडे काहीच करायचं नाही," ती म्हणाली. "रोज तीच गोष्ट, त्याच शब्दांत. मुलांना पाठ झाली की मग काम सुरू."

हे पाठ होणं काय असतं ते मला घरी कळलं. लेकीला तेव्हा नॉर्वेजियन येत नव्हतं. हो, नाही, पाणी, शू, एवढंच. तिच्या तोंडून आलेलं पहिलं अख्खं नॉर्वेजियन वाक्य ट्रॉलचं होतं. मी बाथरूमचं दार वाजवलं तर आतून गर्जना आली, "वेम आर दे सोम त्रिप्पर पो मी ब्रू?" माझ्या पुलावर टपटप कोण करतंय? क्रियापद जागेवर, प्रश्नाचा हेलही बरोबर. मी तेव्हा भाषेच्या वर्गात पैसे भरून 'माझं नाव अमुक आहे' यावर अडकले होते.

आणि पुढे काय होणार हे पाठ असलं की डोकं दुसरीकडे वळायला मोकळं होतं. पूल घ्या. दुधाची तीन रिकामी खोकी. एकात काही नाही, एकात अर्धी वाळू, एक गच्च भरलेलं. हे तीन बोकड. दोन ठोकळ्यांवर पुठ्ठ्याची पट्टी, हा पूल. लहान बोकड गेला. मधल्याला पट्टी वाकली. मोठा थेट ट्रॉलच्या पोटात. मुलं खदाखदा हसली आणि मग भांडू लागली, कारण गोष्टीत मोठा बोकड पडत नाही. म्हणजे चूक पुलाची. शिक्षिका गप्प बसून होती (हे तिचं कसब मला फार उशिरा दिसलं). कुणी दोन पट्ट्या ठेवल्या, कुणी ठोकळे जवळ आणले. एका मुलाला ठोकळे जवळ आणणं मान्य नव्हतं, "मग धबधबा बारीक होतो" म्हणून. शेवटी शिक्षिकेने एक कागद पंख्यासारखा चुण्या घालून दिला आणि बाकी काही बोलली नाही. त्या दिवशी घरी माझ्या सगळ्या बिलांना चुण्या पडल्या. चपटा कागद लोंबतो आणि घडीचा कागद चमचा पेलतो, हे लेकीने जेवणाच्या टेबलावर मला तीनदा दाखवलं.

लहान-मधला-मोठा, पहिला-दुसरा-तिसरा, पुलावर-पुलाखाली हे तर होतंच. झायलोफोनवर बारीक पट्टी ते ढोलाचा दणका, जिन्यावरचे आवाज आले ते तिथून. ओंडक्यावरून तोल सांभाळत चालणं. हे सगळं पावसात. पाऊस इथे बातमी नसते.

एक दिवस शेतावर खऱ्या शेळ्या बघायला नेलं. आल्या आल्या ती म्हणाली, "आई, शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते." मी म्हटलं, असं काही नसतं. मग फोनवर फोटो मोठा करून बघितला. आडवी, लांबट, पत्रपेटीच्या फटीसारखी. इतक्या शेळ्या बघत मोठी झाले, एकीच्याही डोळ्यात नीट पाहिलं नव्हतं.

डोंगरावरच्या त्या कुरणाला, तिथल्या उन्हाळी गोठ्याला इथे सेतर म्हणतात. गुरं वर न्यायची, तिथेच दूध काढायचं, लोणी-चीज करायचं आणि थंडीआधी सगळं खाली आणायचं. आता सेतर फार थोडे उरलेत. 2024 मध्ये नॉर्वे आणि स्वीडनच्या या परंपरेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मुलांना हे सगळं सांगितलं नाही. पावावर ब्रूनोस्टचे काप ठेवून विचारलं, "हे कुठून येतं?" ब्रूनोस्ट म्हणजे तपकिरी चीज. दुधाचं चीज काढून घेतल्यावर उरणारी निवळी तासन् तास आटवली की त्यातली साखर करपट-गोड होते, तेच हे. चव थोडी खरवडीची. त्यात साय घालायची कल्पना 1863 मध्ये गुडब्रान्सडालच्या आन्ने होव्ह या शेतकरीणबाईंची. माझ्या मते बाईंनी अजून थोडी घालायला हवी होती.

मला खरा धक्का बसला तो नीतीच्या तासाला, म्हणजे ज्याला मी तास समजत होते त्याला. शेवट सौम्य केलेला नव्हता. मोठा बोकड शिंगांनी ट्रॉलचे डोळे फोडतो, हाडांचा चुरा करतो आणि त्याला धबधब्यात ढकलतो, हे जुन्या छापील गोष्टीत आहे तसंच वाचलं गेलं. मी त्या दिवशी लेकीला न्यायला लवकर गेले होते आणि कोपऱ्यात उभी होते. मला वाटलं, आता तात्पर्य येईल. आलं नाही. शिक्षिकेने विचारलं, "लहान बोकडाने मोठ्या भावाचं नाव सांगितलं. बरोबर केलं?"

एक म्हणाला, हो, मोठा जिंकणारच होता. एक म्हणाली, पण मधल्याचं काय, तो जिंकला नसता. मग लहान बोकड चहाडखोर ठरला. मग कुणीतरी ट्रॉलची बाजू घेतली, पूल त्याचा होता, विचारून जायचं. यावर एक पाच वर्षांचं नाक शिंकरत म्हणालं, "डोंगर सगळ्यांचा असतो." हे त्याचं शहाणपण म्हणावं, तर इथे तो कायदाच आहे. 1957 च्या कायद्याने रानावनात, डोंगरात कुणीही, जमीन कुणाचीही असो, चालू शकतं. घरी दर रविवारी ऐकत असणार. प्रश्न सुटला नाही आणि सगळे जेवायला गेले. मी आयुष्यभर गोष्टीखाली 'तात्पर्य' लिहून दोन मार्क मिळवलेत, त्यामुळे मला ते अर्धवट सोडणं फार दिवस टोचत राहिलं.

सहाव्या आठवड्यात दुसऱ्या भाषा बोलणाऱ्या पालकांना आपली एखादी गोष्ट सांगायला बोलावलं. मी भोपळ्यातली म्हातारी निवडली. अर्ध्यात आल्यावर माझ्याच लक्षात आलं: वाघाला म्हातारी म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. हिलाही गुबगुबीत व्हायला जायचंय आणि खाणाऱ्याला हीही थोपवून धरते. मुलांनी ते माझ्याआधी पकडलं होतं. "ती सेतरवर चाललीय!" एकजण ओरडला. 'टुणुक टुणुक' म्हणायला त्यांना शिकवावं लागलं नाही.

ऑक्टोबर होता, दुकानांत हॅलोवीनचे नारिंगी भोपळे आलेले. दुसऱ्या दिवशी अंगणात उतरत्या फळीवरून एक सोडला गेला. तो सरळ गेला नाही. देठाच्या बाजूला कलला, वळला आणि डबक्यात जाऊन बसला. पुन्हा सोडला, पुन्हा डबक्यात. लेकीला न्यायला गेले तर ती आणि दोघंजण चिखलात बसून भोपळ्याभोवती मोजपट्टी गुंडाळत होते. मला बघून ती उठली नाही. "आई, थांब," म्हणाली, "म्हातारी मावत नाहीये."