वीस युरोची नोट

रात्रीचे साडेअकरा. युरोपात जायच्या शेंगेन व्हिसाची फाईल एकदाची लागली. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, तीन वर्षांचे रिटर्न, 'नक्की परत येईन' हे पटावं म्हणून फ्लॅटचा इंडेक्स टू सुद्धा. कपाट उपसताना मागच्या खेपेची वीस युरोची नोट हाती लागली.

नोटेवरचा पूल कुठल्याच नदीवर नाही. एका देशाचा पूल छापला तर बाकीचे रुसतील, म्हणून कल्पनेतला काढला. (पुढे नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे गावाने युरोच्या सगळ्या नोटांवरचे असे पूल खरोखर बांधले, नोटांच्या रंगांत!) शेजारी युरोपचा नकाशा आणि त्याखाली बारीक चौकटी. भिंग घेऊन बसले. एका चौकटीत फ्रेंच गयाना, म्हणजे ब्राझीलला खेटून असलेला मुलूख. तो युरोपीय संघात. आणि स्पेनपासून जेमतेम १४ किलोमीटरवरचा मोरोक्को? त्याने १९८७ साली युरोपीय समुदायात, म्हणजे संघाच्या पूर्वावतारात, येण्यासाठी अर्ज केला, तर तुम्ही युरोपातले नाही म्हणून परत पाठवलं. त्याच्याच शेजारचा अल्जीरिया मात्र हा समुदाय उभा करणाऱ्या १९५७ च्या रोम करारात होता. तेव्हा तिथे फ्रान्सचं राज्य होतं ना.

संघाच्या कराराचं दुसरं कलम वाचलं: मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचं राज्य. यातलं नको कुणाला आहे? मग एकोणपन्नासावं: ही मूल्यं पाळणारा कोणताही 'युरोपीय' देश सदस्यत्व मागू शकतो. सोसायटीला गेट असतं, मान्य. पण मग त्याच गेटवर 'हे विश्वचि माझे घर' अशी पाटी कशाला?

१९५४ मध्ये आकाशवाणीवर बाबासाहेब म्हणाले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, बुद्धाकडून घेतली. कॉलेजात मला ते नुसतं अभिमानाचं वाक्य वाटायचं. आज वाटलं, वैश्विक म्हणजे हेच असेल: पॅरिसची वाट न धरताही माणूस तिथे पोचतो. अर्थात बुद्ध आपला म्हणून छाती फुगवावी, तर चवदार तळंही आपलंच. पाण्याला हात लावायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला तो काही युरोपात नाही.

उद्या सव्वानऊची अपॉइंटमेंट. नोट पासपोर्टात ठेवली होती, मग काढून घेतली. उगाच लाच वाटायची.