तुम्ही विचारलंत म्हणून: पाइपचं कडं तडकतं कुठे?

प्रदर्शनातल्या टेबलापाशी लोक तांब्याचं कडं हातात घेतात, वजन बघतात आणि विचारतात, ‘हे खरंच एसीच्या पाइपचं आहे?’ हो, आहे. पण ज्यांनी घरी करून पाहिलेलं असतं त्यांचा प्रश्न वेगळा असतो. ‘आम्हीही पाइप ठोकून बघितला हो, अर्ध्यावर चीर गेली. तुमचा कसा तडकत नाही?’ तडकतो की. कुठे आणि कधी तडकणार हे ठाऊक झालं की नुकसान कमी होतं, एवढंच.

आधी माल. ठाणे-नवी मुंबईत तांब्याला तोटा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर एसीची कामं निघाली की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत मेकॅनिक लोकांकडे फूट-दोन फुटांचे तुकडे उरतात. त्यांच्या बोलीत हे पाइप दोन सूत, तीन सूत, चार सूत, पाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा चार सुती म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिमी. भिंतीची जाडी साधारण 0.7 ते 0.8 मिमी. कड्यासाठी चार सुती मागा. उभा चिरून उघडला की त्यातून जवळजवळ 37 मिमी रुंदीची पट्टी निघते, पाच सुतीतून 47 मिमीची. चार सुतीची 150 मिमी लांब पट्टी सुमारे 40 ग्रॅम भरते. हातात घेतल्यावर दागिना वाटावा इतकं वजन आहे ते. दोन सुती पाइप न चिरता चपटा केला तर साडेनऊ मिमीची दुहेरी पट्टी मिळते. ती दिसायला छान, पण दुमडलेल्या कडांवर सगळा ताण येतो आणि पहिली चीर तिथेच जाते. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

भिंतीवर लावलेल्या एसीचा पाइप स्वतः कापू नका. आत गॅस दाबाखाली असतो. आर-32 जातीचा गॅस पेट घेतो, आणि आर-22 जातीचा ज्योतीत सापडला की त्याचे विषारी वायू होतात. मेकॅनिकने गॅस काढून उतरवलेला किंवा नव्या बसवणुकीतला उरलेला तुकडाच घ्या. वापरलेल्या पाइपात कॉम्प्रेसरच्या तेलाचा पातळ थर असतो. भांडी घासायचा साबण घातलेल्या कढत पाण्यात तुकडा अर्धा तास ठेवा आणि चिंधी तारेला बांधून आरपार ओढा. हे टाळलं तर तापवताना धूर होतो आणि काळे डाग धातूवर बसतात. जिथे जोड होता तो भाग सरळ कापून टाका, जुन्या डाखाची (जोडायला वितळवलेल्या धातूची) गाठ कधीच नीट चपटी होत नाही.

वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे गेलात तर खिशात लोहचुंबक आणि छोटी कानस ठेवा. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार चुंबकाला चिकटते. तांब्याच्या सालीखाली ॲल्युमिनियम असलेली वायर चुंबकाला दाद देत नाही, पण कानशीचे दोन हात मारले की आतला पांढरेपणा उघडा पडतो. ती हातालाही हलकी लागते, कारण ॲल्युमिनियमची घनता 2.7 आणि तांब्याची 8.96. जाळून सोललेली काळी तार घेऊ नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन निघतात, आणि त्या तारेचा पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा होतो. रेल्वेची वाटणारी तार तर हातातसुद्धा घेऊ नका. रेल्वेचा चोरीचा माल बाळगणं हा 1966 पासून स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे. बिल मागावं, म्हणजे दुकानदारही नीट वागतो.

वायरीत सगळ्यात कामाची म्हणजे अर्थिंगची उघडी तार. 8 गेज म्हणजे 4 मिमी, 14 गेज म्हणजे 2 मिमी. जुन्या इमारतींचं वायरिंग उपसतात तेव्हा 1/18 ची, म्हणजे 18 गेजची एकेरी तार मिळते, 1.2 मिमीची. कड्या, आकडे, साखळी यांना ती उत्तम. आजच्या घरगुती वायरीत 0.3 मिमीचे बारीक धागे असतात, दीड चौरस मिमीच्या वायरीत 22. ते गुंफायला आणि गुंडाळायला. मोटरची गुंडाळी, जिला भंगारवाला आर्मेचर म्हणतो, तिच्यावर वार्निश असतं. ते खरवडत बसण्यापेक्षा दुसरी तार शोधावी.

एसीच्या कॉइलमधली नळीही एकदा बघून ठेवा. भिंत जेमतेम 0.3 मिमी, कड्याला निरुपयोगी. पण बऱ्याच नव्या कॉइलींत ती आतून बारीक तिरप्या खाचांची असते. चिरून उघडली की छापल्यासारख्या रेषा दिसतात. कानातल्याच्या पत्र्याला यापेक्षा सुंदर पोत हाताने काढणं अवघड आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. तांबं ठोकलं, वाकवलं, पिळलं की कडक होत जातं. एका मर्यादेनंतर त्याला आणखी पसरायला जागा उरत नाही, मग ते फाटतं. तापवलं की पुन्हा मऊ. हे दर थोड्या ठोक्यांनी करायचं असतं, आणि घरी करणारे नेमकं तिथे घाई करतात. एकदा तापवून सगळं काम उरकायला बघतात.

हातात धरायचा गॅस टॉर्च आणि खाली फायरब्रिक, म्हणजे भट्टीची वीट, एवढं पुरतं. फरशीवर किंवा सिमेंटवर तापवू नका, टवके उडतात. खोलीत उजेड मंद हवा. भर उन्हात तांब्याचा लालपणा दिसतच नाही आणि माणूस तापवत राहतो. ज्योत एका जागी न धरता पट्टीवरून फिरवा. आधी इंद्रधनुष्यासारखे रंग धावतात, मग काळपट होतं, मग अंधारात निखारा राखेखाली दिसावा तसा मंद लाल. तिथेच थांबा. केशरी होईपर्यंत गेलात तर धातूचे कण मोठे होतात आणि पुढच्या ठोक्यांना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत उठतो. तो कानशीने घासून निघायला फार वेळ जातो. लाल तुकडा चिमट्याने सरळ पाण्यात टाका. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं, वर काळी साल थोडी सुटून येते. अख्खा पाइप विझवत असाल तर मात्र तो उभा बुडवू नका: आतली वाफ उकळतं पाणी वरच्या तोंडातून चेहऱ्यावर फेकते. आडवा, तोंड स्वतःपासून लांब. आणि दोन्ही टोकं बंद झालेली पोकळ वस्तू कधीही तापवायची नाही, ती फुटते.

तारेच्या बाबतीत एक पोटभेद आहे. पाइपच्या तांब्यात फॉस्फरस घालून ऑक्सिजन आधीच काढलेला असतो. विजेच्या तारेच्या तांब्यात तो थोडासा उरलेला असतो. गॅस जास्त, हवा कमी अशा पिवळ्या ज्योतीतला हायड्रोजन तापलेल्या तारेत शिरतो, त्या ऑक्सिजनशी मिळून वाफ करतो आणि ती वाफ धातूला आतून उकलते. मग चांगली दिसणारी तार हातात कटकन मोडते. म्हणून तार निळ्या ज्योतीवर, चटकन.

तापवल्यानंतर आलेली काळी साल ॲसिडने काढतात. दुकानातलं नायट्रिक आणू नका, त्याचा तपकिरी धूर छातीत जातो. किराणावाल्याकडचं लिंबूसत्त्व 100 ग्रॅम, एक लिटर गरम पाण्यात, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात. दहा-पंधरा मिनिटांत तांबं गुलाबी दिसतं. चिंच आणि आमसूलही हे करतात, वेळ घेतात इतकंच. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नाही. पाणी हिरवट-निळं झालं की त्यात तांबं उतरलेलं असतं, झाडांना घालू नका.

चिरायचं कसं? पाइप कटरने लांबी कापा, तापवून मऊ करा, मग पत्र्याच्या कात्रीने उभा चिरा. चिरेत लाकडी पाचर घालून उघडा, लाकडी हातोडीने लोखंडी प्लेटवर सपाट करा. इथे लोखंडी हातोडी वापरली तर खाचा पडतात आणि त्या शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. सपाट झाल्यावर पुन्हा तापवा. मगच गोल डोक्याची हातोडी.

हे ठोके म्हणजे मठारकाम. पुण्याच्या तांबट आळीतले घडे-हंडे ज्या बारीक ठोक्यांनी चमकतात तेच, आकार फक्त लहान. ठोके एकमेकांना थोडे चढून यावेत, ओळ सरळ, जोर सारखा. मधून कडेकडे जा; कड जास्त ठोकली तर ती पातळ होऊन लांबते, पट्टी लाटेसारखी उठते आणि कडेला दातेरी चिरा येतात. कान उघडे ठेवा. मऊ तांबं ‘थप’ वाजतं, कडक झालेलं ‘टण’. हातोडी हाताला उसळी द्यायला लागली की थांबा आणि तापवा. 0.8 मिमीच्या पट्टीवर दोन-तीन फेऱ्यांत हा आवाज बदलतो. मोजून सांगण्यासारखा आकडा नाही, आवाजावरच विश्वास ठेवावा. चीर केसाएवढी दिसली तरी तिच्या टोकाला 1 मिमीचं भोक पाडा, ती पुढे सरकत नाही. कडेची असेल तर कानशीने पार घासून काढा.

माप. उघडं कडं: मनगटाचा घेर, त्यात 10 मिमी सैलपणा, त्यातून 25 मिमी फट वजा. 165 चं मनगट असेल तर 150 ची पट्टी. कडा आणि कोपरे आधी कानशीने गोल करा, मग 220, 400, 600 चे पॉलिश पेपर. वाकवल्यानंतर आतली कड घासायला हात पोचत नाही, आणि ओढणीत अडकलेलं कडं कोणी पुन्हा घालत नाही. वाकवायला दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, आधी टोकं, मग मधला भाग. शेवटची वाकवणी न तापवता करा, म्हणजे कडक राहून आकार धरतं. घालताना मनगटाच्या बाजूने तिरकं सरकवा. दर वेळी ताणून फाकवलं तर पाठीमागे बरोबर मध्यावर ते एक दिवस मोडतंच. आमच्याकडे दुरुस्तीला येणारी बहुतेक कडी तिथेच मोडलेली असतात.

बंद कड्याला बांगडीचं माप. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, आतला व्यास 60.3 मिमी. गंमत अशी की दोन इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यासही 60.3 मिमीच असतो. तो प्लंबरकडून वीतभर मागून घ्या. 4 मिमी तारेला लांबी धरायची (60.3 अधिक 4) गुणिले 3.14, म्हणजे 202 मिमी. वजन 23 ग्रॅमच्या आसपास.

जोडायला शिशाचा सोल्डर नको. शिसं अंगाला लागतं आणि पुढे तापवलं की सगळं वितळून बसतं. एसीवाल्याची तांबं-फॉस्फरसची कांडी तांब्याला तांबं जोडताना टाकणखाराशिवायही (डाख नीट वाहावा म्हणून लावायचा क्षार) चालते, फॉस्फरसच त्याचं काम करतो. रंगही चांदीच्या डाखापेक्षा जवळ जातो. चांदीचा डाख घेतलात तर टाकणखार लावा आणि कॅडमियम नसलेलाच मागा. टोकं उजेडात फट दिसणार नाही इतकी जुळवा, डाख फट भरत नाही. ज्योत डाखावर नको, तांब्यावर धरा.

हात हिरवा होतो का? होतो. घामातलं मीठ आणि आम्ल तांब्याचे क्षार करतं, साबणाने निघतात. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत, त्यातून लोकलच्या गर्दीत, लवकर होतो. आतून मेणाचा हलका हात द्या, महिन्याने पुन्हा. नेलपॉलिशचे पापुद्रे निघतात. काळवंडलं तर चिंच आहे, नाहीतर ठाण्याचीच पितांबरी आहे. पण मुद्दाम गडद केलेला रंग दोन्ही धुऊन काढतात. तो रंग हवा असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून हवाबंद डब्यात शेजारी ठेवा, त्यातल्या गंधकाने तासाभरात तपकिरी चढू लागते. आणि सांधेदुखीसाठी कडं मागणाऱ्यांना आम्ही खरं तेच सांगतो: 2013 मध्ये यॉर्क विद्यापीठाने आमवाताच्या 70 रुग्णांवर तपासून पाहिलं, गुण दिसला नाही.

कानात टोचायचा आकडा तेवढा भंगाराच्या तारेचा करू नका. तो 92.5 चांदीचा विकत घ्या आणि खाली तुमचा पत्रा लटकवा.