मंद शटरची नोंदवही : सोलापूर, सप्टेंबर ते जानेवारी

सामान विद्यार्थ्याला परवडेल एवढंच. क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरची साधी डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड. रिमोट नाही, त्यामुळे दोन सेकंदांचा टायमर वापरायचा आणि एक्स्पोजर (शटर उघडा राहण्याचा वेळ) ३० सेकंदांच्या आतच ठेवायचं. पाच महिन्यांत मंद शटरची, म्हणजे शटर जास्त वेळ उघडा ठेवून फोटो घेण्याची, चार-पाच तंत्रं घासून पाहिली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: फ्रेममध्ये स्थिर काय राहणार, हे बटण दाबायच्या आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं नसेल तर सेटिंग कितीही बरोबर असो, फोटो नुसताच हललेला दिसतो.

सप्टेंबर : पॅनिंग

पॅनिंग म्हणजे चालत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं. इथे स्थिर राहते ती गाडी आणि पळते ती पार्श्वभूमी. सायकलला १/१५ सेकंद आणि तीस-चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या दुचाकीला किंवा रिक्षाला १/३० इथून सुरुवात करा. १/१२५ वर चाकं किंचित फिरलेली दिसतात, पण मागची दुकानं जशीच्या तशी राहतात. हा फोटो ना इकडचा ना तिकडचा.

पाय गाडी येते त्या दिशेला रोवू नका. जिथे फोटो घ्यायचा त्या जागेकडे तोंड करून उभं राहा, कंबरेतून गाडीकडे वळा आणि तिच्याबरोबर परत या. बटण दाबल्यावरही कॅमेरा फिरता ठेवायचा. बहुतेकांचा फोटो तिथेच बिघडतो, कारण क्लिकचा आवाज आला की हात थांबतो. फोकस कंटिन्यूअसवर (गाडीबरोबर सतत बदलता) आणि बर्स्ट (सलग फोटो) चालू. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलणं सावरणारी सोय) आडव्या हालचालीलाही विरोध करत असेल तर बंद ठेवा.

एक चूक बराच काळ कळत नाही. रिक्षा दोन-तीन मीटरवरून, १८ मिमीवर टिपली तर चालकाचा चेहरा स्वच्छ येतो आणि मागचं चाक फासलेलं. हात हलल्यासारखं वाटतं, पण कारण वेगळं आहे. इतक्या जवळून गाडीचं पुढचं आणि मागचं टोक आपल्यासमोरून वेगवेगळ्या कोनीय वेगाने सरकतं आणि कॅमेरा एका वेळी एकाच वेगाने वळू शकतो. आठ-दहा मीटर मागे जाऊन ५५ मिमीवर घेतलं की अख्खी रिक्षा स्वच्छ मिळते. कंबर तलावाच्या बाजूच्या रस्त्यासारखी मोकळी जागा यासाठी बरी, कारण मागे झाडी लांब असते आणि तिचे छान आडवे पट्टे उमटतात.

दुपारी मात्र हे जमत नाही. सोलापूरच्या भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र, आकडा मोठा तितकं लहान) एफ १६ ला शटर १/१०० च्या आसपास येतो. एफ २२ केलं तरी १/५०, शिवाय डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) फोटो मऊ पडतो आणि सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण दिसायला लागतो. तेव्हा एकतर सूर्य उगवल्यावर तासाभरात उरकायचं, नाहीतर एनडी ८ हा उजेड अडवणारा फिल्टर लावायचा. तो तीन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा) खातो आणि त्याच उन्हात १/१२ मिळतो.

ऑक्टोबर : तलाव, आणि वेल्डिंगची काच

सिद्धेश्वर तलावाकाठून मंदिर किंवा भुईकोट किल्ल्याची तटबंदी. स्थिर राहणार दगड, पुसलं जाणार पाणी. दहा स्टॉपचा फिल्टर हवा, म्हणजे वेळ साधारण हजारपट. सूर्यास्ताच्या सुमारास फिल्टरशिवाय १/६० आला, तर फिल्टर लावून १७ सेकंद. १/३० आला तर ३४, म्हणजे रिमोटशिवाय हद्दीबाहेर. तेव्हा अ‍ॅपर्चर एक स्टॉप उघडा.

क्रम महत्त्वाचा. आधी फ्रेम, मग फोकस, मग फोकस मॅन्युअलवर, मग फिल्टरशिवाय मीटरिंग (उजेड मोजणं) आणि शेवटी फिल्टर. किट लेन्सच्या जुन्या मॉडेलमध्ये फोकस करताना लेन्सचा पुढचा भागच फिरतो. तिथे फिल्टर आवळताना फोकस सरकतो, म्हणून कड एका हाताने धरून हलकेच लावा. व्ह्यूफाइंडरवर काळी टेप चिकटवा. लांब एक्स्पोजरमध्ये मागून शिरलेला उजेड फोटोच्या मधोमध फिकट डाग पाडतो.

फिल्टरला पैसे नसतील तर वेल्डिंगच्या हेल्मेटमधली काच चालते. ८ नंबरची काच जवळपास दहा स्टॉप उजेड अडवते, १० नंबरची तेराच्या आसपास. आपल्याला ८ हवी. अरुंद आयताकृती घेतली तर १८ मिमीवर कोपरे काळे पडतात, म्हणून मोठी चौकोनी मागा. लेन्सहूड उलटा बसवायचा आणि त्याच्या पाकळ्यांना दोन रबरबँड अडकवून काच लेन्सवर घट्ट धरायची. कडेने उजेड शिरू नये म्हणून भोवती काळं कापड गुंडाळा.

या काचेतून सगळं गडद हिरवं येतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) व्हाइट बॅलन्स (रंगछटेची दुरुस्ती) ओढूनही ते पुरतं जात नाही, कारण लाल आणि निळ्या चॅनलला उजेडच मिळालेला नसतो. पडद्यावरचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) फसवतो. तिन्ही चॅनल वेगळे उघडा आणि हिरवा उजव्या कडेला टेकणार नाही इतकाच वेळ द्या. मग फोटो सरळ कृष्णधवल करा. तटबंदीचा काळा दगड आणि दुधासारखं पाणी त्यात फार सुंदर दिसतं, रंगांची आठवणही होत नाही. काच सपाटीत लेन्सच्या दर्जाची नसते, त्यामुळे थोडी धार जाते, ती जाणारच. आणि ही काच लावली म्हणून व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहायचं नाही. ती हलली किंवा पडली तर डोळ्याची खैर नाही.

नोव्हेंबर : यंत्रमाग

सोलापुरात राहून माग टिपला नाही तर काय शिकलो? इथे स्थिर राहायला हवा विणकर, हलायला हवा धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तुकडा. साध्या धोट्याच्या मागावर मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्या होतात, म्हणजे सेकंदाला साधारण दोन. १/२ सेकंदात धोट्याची एक फेरी पूर्ण उमटते. १/८ ला तुकडाच मिळतो, पण फणीची हालचाल छान पिसाऱ्यासारखी येते.

पहिली अडचण जमिनीची. शंभरेक मागांच्या शेडमध्ये फरशी सतत थरथरते आणि ती थरथर ट्रायपॉडच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. फोटोत माग, भिंत, माणूस सगळंच दुहेरी दिसतं. पायांच्या सगळ्यात बारीक नळ्या बाहेर काढू नका, मधला दांडा वर करू नका आणि प्रत्येक पायाखाली जुन्या चादरीची जाड घडी ठेवा. तरी हलत असेल तर १/१५ वर हातातच धरा. शरीर ती थरथर बऱ्यापैकी गिळतं.

दुसरी अडचण ट्यूबलाइटची. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/१०० पेक्षा जलद शटरला फोटोत पट्टे किंवा रंगाची ओढाताण दिसते. मंद शटरला हा त्रास नाही, फक्त तुलनेसाठी माग गोठवून घ्यायला गेलात तर आठवण ठेवा.

फ्लॅश असेल तर रिअर कर्टनवर. एक्स्पोजर संपताना फ्लॅश पडतो, हात आणि चेहरा धारदार उमटतो आणि हालचालीची रेघ मागे राहते. विणकराला आधी विचारा आणि पहिला फ्लॅश भिंतीवर मारून दाखवा. चालत्या मागाशेजारी अचानक डोळे दिपणं धोक्याचं आहे. गळ्यातला पट्टा मनगटाला गुंडाळा. शेडमध्ये लेन्स बदलू नका. हवेत सुताची फूस तरंगत असते, एक तंतू सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक आकाशात दिसतो.

डिसेंबर : तारे

थोडक्यात सांगतो. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर. १८ मिमीवर आडव्या फ्रेमची उंची सुमारे ४५ अंश, त्यामुळे जमीन आणि ध्रुव दोन्ही सहज बसतात. शहराच्या उत्तरेला जाऊन उत्तरेकडेच तोंड केलं की शहराचा उजेड पाठीमागे राहतो. एफ ३.५, आयएसओ ८००, ३० सेकंदांचे लागोपाठ १२० फोटो, नंतर एकावर एक जोडून ताऱ्यांच्या रेघा. एका तासात तारे १५ अंश सरकतात. सेटिंगमधलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकतो आणि रेघा तुटतात.

जानेवारी : गड्डा

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली जत्रा. तिथले होम मैदानावरचे आकाशपाळणे म्हणजे लाइट ट्रेलची (हलत्या दिव्यांच्या रेघांची) शाळाच. हलता दिवा सेन्सरच्या एका बिंदूवर क्षणभरच असतो. म्हणून त्याच्या रेघेचा उजेड अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरतो. शटर वाढवला की रेघ लांबते, उजळत नाही. खांब, स्टॉलच्या माळा, आकाश मात्र प्रत्येक सेकंदाला उजळत जातं. एवढं डोक्यात बसलं की अंदाजपंचे थांबतं: रंग जळाले तर अ‍ॅपर्चर बंद करा, मैदान काळं पडलं तर वेळ वाढवा.

पूर्ण वर्तुळासाठी पूर्ण फेरीची गरज नाही. पाळण्याला १६ आरे असतील आणि एक फेरी १२ सेकंदांत होत असेल, तर ०.७५ सेकंदात प्रत्येक दिवा पुढच्या आऱ्याच्या जागी पोचतो आणि वर्तुळ भरतं. फोनच्या स्टॉपवॉचवर फेरी मोजा, आऱ्यांनी भागा, ०.८ लावा. जास्त वेळ दिला तर एकाच वर्तुळावरून पुन्हा पुन्हा दिवे जाऊन कड पांढरी होते, म्हणजे वरचा नियम इथे वाकतो. एफ ११, आयएसओ १०० ठीक. रेघ तुटक आली तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, ती एलईडी लुकलुकल्याची खूण आहे. लाल दिवे सगळ्यात आधी जळतात, तेव्हा लाल चॅनल पाहा.

नंदीध्वजांच्या मिरवणुकीत ट्रायपॉडला जागा नाही आणि तो लावूही नये. भिंतीला पाठ टेकून १/१० वर घ्या. थांबलेले चेहरे शाबूत राहतात आणि चालणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या एकमेकींत वितळतात.

शोभेच्या दारूकामाला फोकस आधीच लांबच्या दिव्यावर मॅन्युअल करून ठेवा. एफ ११, आयएसओ १००, दोन ते चार सेकंद. वारा पाठीमागून येईल अशी जागा धरा आणि कार्डावर जागा मोकळी ठेवून सुरुवातीलाच भराभर घ्या. थोड्या वेळात धूर साचतो आणि पुढचं प्रत्येक फूल त्यात तांबूस ढग होऊन उमटतं.